ताप न येणारं बाळ

गुरुवारी सकाळी श्रीमंतबाबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका तान्ही पोरं पदराखाली घेऊन रांगेत बसल्या होत्या आणि पुढं बाबा परातीत चमत्कार करत होता. परातीत पिवळं पाणी. बाबा बाळाचा तळवा अंगठ्यानं चोळायचा, पाण्यात बुडवायचा, की पाणी लालभडक.

"बघा! सटवाईनं शोषलेलं रगत भाईर पडलं!"

आवाज दणदणीत. जामखेडच्या एका मंडपवाल्याकडं स्पीकर लावता लावता "हॅलो, माइक टेस्टिंग" करून तो कमावलेला. पुढं फक्त मजकूर बदलला.

गावची आशा सेविका सत्यशीला गर्दीतून वाट काढत पुढं आली. ती जयाचं बाळ शोधत होती. जया ऊसतोडीवर असताना सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ महिनाभर नगरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं आणि पावणेदोन किलोचं होऊन चार दिवसांपूर्वी घरी आलं. आज सत्यशीला वजन करायला गेली, तर दाराला कडी.

बाळ बाबाच्या पुढ्यातच होतं, जयाच्या सासूच्या, कडूबाईच्या मांडीवर.

"ये गं ये," कडूबाई हरखून म्हणाली. "काल बाबांचा अंगारा दुधातनं चाटवला. परवापतोर नुसती किरकिर हुती. आता बघ, आवाज न्हाई. लई शानं झालंय."

"ताई, कालपासनं ते पीत न्हाई," जया हळूच म्हणाली.

सत्यशीलानं बाळाच्या पोटाला हात लावला. पोट गार. तिनं काखेत थर्मामीटर धरला. आकडा पस्तीसच्याही खाली, साडेछत्तीस तरी हवा होता. तिथंच उभ्या उभ्या तिनं एकशेआठला फोन लावला. गाडी यायला वीस मिनिटं होती.

"मावशी, बाळ जयाकडं द्या. दवाखान्यात न्यायचंय."

"दवाखान्यात?" बाबा हसला. "तुझं यंत्र काय म्हनतंय? ताप हाय का?"

"नाही."

"ऐका!" बाबानं गर्दीकडं हात केला. "सरकारी यंत्रानं बी कबूल केलं! ज्याला ताप न्हाई त्याला कसला आजार?"

गर्दीनं माना डोलावल्या. कडूबाईनं बाळ आणखी घट्ट धरलं.

सत्यशीलाला कळून चुकलं, परातीतलं रक्त खोटं पडल्याशिवाय आपलं खरं कुणी ऐकणार नाही. तिनं बाबाच्या अंगठ्याकडं नीट बघितलं. पांढरा होता. मग ती कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेल्या म्हाताऱ्या बन्सीकडं वळली.

"तात्या, चुन्याची डबी द्या जरा."

तिनं अंगठा चुन्यात बुडवला. पुढच्या बाळासाठी परातीत नवं पाणी ओतलेलंच होतं. त्यात अंगठा फिरवला. पाणी लाल.

पुढच्या बायका परातीवर वाकून बघू लागल्या.

"हे कुणाचं रक्त, बाबा? माझं का तात्यांच्या डबीचं?" ती बायकांकडं वळली. "हळदीचं पाणी आहे हे. चुना लागला की लाल होतं. आपल्या आज्या कुंकू असंच करायच्या."

"देवाची चेष्टा करू नगं! जीभ झडंल!"

"झडली तर दवाखान्यात दाखवीन."

"आयला," बन्सी म्हणाला, "चाळीस वरसं अंगठ्यावर देव घिऊन हिंडतोय म्हनायचा मी!"

हशा पिकला. त्या गडबडीत जयानं सासूच्या मांडीवरनं बाळ उचललं, छातीशी उघड्या अंगाला लावलं, वरून पदर घेतला आणि ती थेट रस्त्याकडं निघाली. एवढं धाडस तिनं सासरी पहिल्यांदाच केलं असेल.

गाडीत कडूबाई पुटपुटत होती. "पर ताप न्हवता ना गं?"

"मावशी, जंतू अंगात शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याशी झुंजतात. ताप येतो तो त्या झुंजीतनं. हे दोन महिने आधी आलंय. पेशी थोड्या, त्यातही कच्च्या. शेवटच्या महिन्यांत आईकडनं मिळणारं बळही अर्धंच मिळालं. झुंजायलाच कुणी नाही, तर ताप कुठनं येणार? अशी बाळं पुष्कळदा तापत नाहीत. गार पडतात, गप्प होतात."

"म्हंजी ते शानं झालं न्हवतं?"

"नाही. दमलं होतं."

कडूबाईनं पदर तोंडात कोंबला.

नगरला डॉक्टरांनी रक्तातला जंतुसंसर्ग सांगितला. दोन दिवस बाळाचा श्वास मधेच थांबायचा, नर्सनं तळव्याला टिचकी मारली की पुन्हा चालू व्हायचा. शिरेतून औषधं चालू होती. अंगाऱ्याचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "जंतू त्यातनंच आले असं मी छातीठोक सांगणार नाही. पण या बाळाच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काही घालायचं नाही. राख तर नाहीच नाही." सहाव्या दिवशी बाळानं भोकाड पसरलं, तेव्हा कडूबाई वॉर्डाबाहेर रडत रडत हसत होती.

पुढं बाबावर गुन्हा नोंदला गेला. जबाब द्यायला कडूबाई स्वतः गेली. "बाबाने फसवले," हवालदारानं लिहिलं.

"आनखी एक लिवा," ती म्हणाली. "अंगाऱ्यात काय हाय, ते मी इचारलंच न्हाई."

हल्ली ती गावातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या दारात जाऊन बसते. सांगते, "पोर पीत नसंल, गार लागत असंल, उगं गप्प पडलं असंल, तर आधी गाडीला फोन लावा. देवाला काय सांगायचं ते गाडीत बसून सांगा."