मुलगा निरोगी आहे

बोईसरला रविवारीसुद्धा कारखान्यांचा कुजकट वास घरात शिरतो, म्हणून रत्नाबाईंनी खिडकी लावून घेतली होती. नात मांडीवर बसून वरणभात खात होती. एवढ्यात जावई सुजित, त्याची आई रंभाबाई आणि चुलते कमलाकांत दारात आले. थोरली लेक स्नेहा जाऊन अजून वर्षही झाले नव्हते. नातीला भेटायला आले असतील, असे समजून रत्नाबाईंनी चहा टाकला. पण सुजितने नवा शर्ट घातला होता, अत्तर लावले होते, आणि त्याची नजर स्वतःच्या पोरीवर नव्हतीच. ती ओट्याशी उभ्या असलेल्या धाकट्या मेहुणीवर, प्रतीक्षावर होती.

कमलाकांतांनी घसा खाकरून विषय काढला. सख्खी मावशी असताना लेकराला सावत्र आई कशाला? मोठी गेली की धाकटीने तो संसार सांभाळावा, ही आपली रीतच आहे. मुलगा कंपनीत कायम आहे, शांत आहे, निरोगी आहे. रत्नाबाईंचे यजमान रामकिसन मान हलवत होते. परभणीकडून येऊन त्यांनी इथल्या कारखान्यात उभी हयात घालवली. पण ही रीत काही गावाकडे ठेवून आले नव्हते.

'निरोगी' हा शब्द ऐकून रत्नाबाईंनी चमकून सुजितकडे पाहिले.

स्नेहाला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला, तेव्हा रंभाबाईंनी तिची खाट मागच्या गॅलरीत, मोरीशेजारी टाकली. तिचे ताट-वाटी वेगळी केली. नाकाला पदर लावून त्या शेजारणींना सांगत, तसले दुखणे चांगल्या बाईला होत नाही. सुजित खाटेकडे फिरकत नसे. लेकीचे घाण झालेले कपडे रत्नाबाईच येऊन धुवत. त्या वासाची त्यांना कधी किळस आली नाही. शेजारच्या खोलीत जावई भुरके मारून आमटी जेवत असे, त्या आवाजाची मात्र यायची.

मुंबईच्या इस्पितळात या आजारावर संशोधन चालू होते. त्यात नवऱ्यांचीही तपासणी होई. निकाल सांगायच्या दिवशी स्नेहाला घेऊन दोघे गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सुजितला विचारले, सासूबाईंनी बाहेर थांबावे का? तो म्हणाला, बसू द्या की, रोग त्यांच्याच पोरीचा आहे.

मग बाईंनी सांगितले, की हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो शारीरिक संबंधातून लागतो, आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जातो. काही पुरुषांत मात्र तो ठाण मांडून बसतो, आणि वरून काहीच दिसत नाही. सुजितचे नमुने मध्ये बरेच महिने जाऊ देऊन दोनदा घेतले होते. दोन्हींत एकच प्रकार, त्याच्या जनुकांतले बारीकसारीक फरकसुद्धा तेच. म्हणजे नव्याने लागलेला नव्हे, जुनाच मुक्कामाला असावा. स्नेहाच्या गाठीतही तोच सापडला होता. कोणाकडून कोणाला गेला, हे तपासणीतून कळत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. स्नेहाने फक्त नवऱ्याकडे पाहिले. तिच्या आयुष्यात दुसरा पुरुष नव्हता, आणि मित्रांबरोबर तो दमणला दारू आणि बायकांसाठी फेऱ्या मारतो, हे तिला ठाऊक होते. पुढे कोणाशीही संबंध आला तर हे लपवू नका, असे बाईंनी त्याला बजावले. बाहेर आल्यावर तो रत्नाबाईंना म्हणाला, "हे घरी बोलायचं नाय." लेक त्याच्या घरात पडून होती, म्हणून त्या गप्प राहिल्या.

आता रत्नाबाईंनी नातीला खाली बसवले.

"सुजितराव, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुमच्या आईला सांगा."

सुजितने मोबाइल काढला. "जुनं झालं आता ते."

"माझ्या लेकीला तुमच्या घरात रोज नावं ठेवत होते, तवाबी तुमी गप जेवत होता."

मग रत्नाबाईंनीच सगळे सांगितले. पुरुषाला कुठे काय होते, म्हणून रंभाबाई उसळल्या. असल्या गोष्टी बायकांनी चारचौघांत काढू नयेत, असे कमलाकांत म्हणाले. रामकिसन दातओठ खाऊन पुटपुटले, "झाकून ठेवायचं असतं." ज्या माणसाबरोबर जन्म काढला, त्याचीही रत्नाबाईंना त्या क्षणी शिसारी आली.

"पोरगी मी देणार नाय," त्या म्हणाल्या. "रोग कुणालाबी होतो, त्याचं काय नाय. यांनी खरं झाकलं आन् तिला बदनामीत मरू दिलं."

प्रतीक्षाने भरलेले कप तसेच उचलून मोरीत ओतले. मंडळी उठली. जाताना सुजितने पोरीच्या डोक्यावरून हातही फिरवला नाही.

पुढे महिन्या-दोन महिन्यांत कानावर आले, की पालघरला सपना नावाच्या मुलीशी त्याचे जुळते आहे. पहिली बायको पोटदुखीने गेली असे सांगितले आहे. रामकिसनांनी आपल्याला काय करायचे, म्हणून हात झटकले. रत्नाबाई एकट्याच गेल्या. सपनाची आई जमुनाबाई सगळे ऐकून घेऊन थंडपणे म्हणाली, "मुलगी गेली की डोकं ठिकाणावर राहत नाय, मावशी. आन् पुरुषमाणसाचं इतकं कोण बघतंय?" तिने दार लोटून घेतले.

रत्नाबाई जिना उतरल्या, तोच मागून कोणी तरी धावत आले. सपना होती. आतून तिने सगळे ऐकले होते.

"दुपारी ते येणार हायेत," ती म्हणाली. "मी त्यांनाच विचारते, सगळ्यांसमोर. तुमी बसाल माझ्याशेजारी?"

रत्नाबाईंनी तिचा हात धरला आणि उतरलेल्या पायऱ्या पुन्हा चढल्या.