नारिंगी तारेची जागा

नारिंगी तारेची जागा मधली. सूर्य पूर्वेला उगवतो तितकंच हे अढळ आहे, असं आमच्या गावचा वायरमन मायलो कुचेरा सांगत असे. मीटरच्या डब्यात मात्र ती उजवीकडे असते, कारण वीज कंपनीला तसं बरं वाटतं. जुन्या वीजपेट्यांतही ती उजवीकडेच सापडते, कारण तेव्हा सगळ्यांनाच तसं बरं वाटायचं. एवढं सोडलं तर सृष्टीचा नियम पाळला जातो.

सोमवारी सकाळी, डार्लाच्या बेकरीतल्या नव्या पेटीसमोर उभा राहून, तो हाच नियम तिला ऐकवत होता.

"ही बघ. मीटरमधून उजवीकडून आली, इथे मध्ये घेतली. शनिवारी मी स्वतः..."

"मायलो, तारेचं पुराण पुरे. फ्रीझर मेलाय."

आणि तिने जीभ चावली. मायलोची बायको जोलीन मे महिन्यात गेली, तेव्हापासून आमच्या गावात त्याच्यासमोर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

"म्हणजे बंद पडलाय," ती म्हणाली.

मायलोला काही वाटलं नाही. त्याला मेपासूनच काही वाटत नव्हतं. शेजारपाजारच्यांनी आणून दिलेलं चीज घातलेलं काहीबाही तो ओट्यापाशी उभ्यानेच खायचा आणि भांडी घासून ज्याची त्याला परत करायचा. दाढी करायचा, कामाला जायचा. "धीराचा माणूस," असं आम्ही म्हणायचो. आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याने पेटीकडे नीट पाहिलं.

बेकरीला तीन तारांनी वीज येते. दोन गरीब आहेत. त्यांच्यावर दिवे, फ्रीझर, रेडिओ खुशाल चालवावेत. तिसरी जवळजवळ दुप्पट तिखट. कणीक मळायच्या मोठ्या यंत्राला तिन्ही लागतात, पण बारक्या वस्तूंची तिच्याशी गाठ पडू द्यायची नाही. म्हणून तिला नारिंगी रंग, आणि म्हणून पेटीत तिच्या वाट्याचा खण रिकामा. जुन्या पेटीत ती उजवीकडे होती, तेव्हा तिसरा खण रिकामा असायचा. शनिवारी मायलोने ती नियमाप्रमाणे मध्ये आणली, म्हणजे आता रिकामा दुसरा हवा. पण बाकीच्या वायरी त्याच्या हातांनी होत्या तशाच परत लावल्या. तिसरा खण इमानाने रिकामा होता. दुसऱ्यावर फ्रीझर होता, आणि तो जळला होता.

"मोजल्याशिवाय काही जोडू नये," हे वाक्य त्याने आमच्यातल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. शनिवारी त्याने मोजलं नव्हतं.

"सारण?" त्याने विचारलं.

"अर्धं वितळलंय. अजून गार आहे, खराब नाही झालेलं."

जर्दाळूचं सारण. आमच्याकडच्या गोल पावांच्या मधल्या खळग्यात ते भरतात. ते पाव म्हणजे कोलाची. बेकरीचं सारण इतकी वर्षं जोलीनच करायची. मार्चमध्ये, हातात त्राण होतं तोवर, तिने शेवटचं करून ठेवलं. "एवढ्यात काढू नकोस," असं मायलोने डार्लाला सांगितलं होतं. त्याला ते खायचं नव्हतं, घरीही न्यायचं नव्हतं. ते तिथे असावं, इतकंच. अधूनमधून येऊन तो फ्रीझरचं झाकण उघडायचा आणि लावायचा. डार्ला तेवढ्यात मुद्दाम बाहेर कपाटाची काच पुसायला जायची.

"परत गोठवता येईल?"

"दुसरा फ्रीझर कुठाय? आणि परत गोठवलं की पाणी सुटतं, मायलो. आज वापरायचं, नाहीतर फेकायचं."

तेवढ्यात वायरिंगचा तपासनीस आला. ड्वेन नावाचा लठ्ठ, भला माणूस. त्याने आधी नाक वर करून हुंगलं, मग पेटीत डोकावला.

"तार मध्ये. नारिंगी. झकास." मग त्याचं बोट एक खण खाली सरकलं. "मायलो."

"हो. दिसलं."

"तुझ्याकडून?"

"माझ्याकडून."

ड्वेनने टोपी काढली आणि परत घातली. "तू वायर हलव. मी तोवर कॉफी घेतो."

मायलोने फ्रीझरची वायर काढून तिसऱ्या खणावर घेतली, प्रत्येक खण मोजला, झाकण लावलं. ड्वेनने मंजुरीची हिरवी चिकटपट्टी लावली. मग मायलो हात धुऊन डार्लाला म्हणाला, "सारण वापर."

"नक्की?"

"फेकू नकोस. वापर."

कणीक मळायचं यंत्र सुरू झालं, एकदम गुळगुळीत. डार्ला डब्यातून चमच्याने सारण काढत होती आणि मायलो, काही काम नव्हतं म्हणून, पाव भट्टीकडे नेत होता. एकदा सवयीने तिचा हात साखरेच्या डब्याकडे गेला. तो तिने मागे घेतला.

दुपारच्या आत सगळं खपलं. हे कुणाचं सारण, ते तिने कुणाला सांगितलं नाही. खिडकीपाशी नेहमीची मंडळी बसली होती. त्यांतला एल्मर, जो दर सकाळी तीन कोलाची खातो, त्याने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं.

"डार्ला, काय हे? चिंच आहे का? जोलीन असती तर हे असलं पुढे आलं नसतं."

"गप गिळ," ड्वेन म्हणाला.

"नाही, पण मी खरं तेच बोलतोय. तिच्या हाताला काय गोडी होती!" एल्मरने पुरावा म्हणून अर्धा पाव बशीत टाकला.

मायलो गल्ल्याशेजारी उभ्यानेच शेवटचा पाव खात होता. तो सावकाश खात होता. मग त्याने एल्मरसमोरची खुर्ची ओढली, बसला, आणि बशीतला उरलेला अर्धाही उचलला.

"बरोबर झालंय," तो म्हणाला.

जोलीन साखर कमीच घालायची. तिची पाठ वळली की दोन पळ्या डार्ला घालत असे.