कोळशाचा खडा

“हे घ्या म्याडम, चीक हाय. झाकण घट लावलंय, तरी आडवी करू नका.”

केवळाबाईंनी स्टीलची किटली डॉ. सुकन्यांच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवली. नायगावजवळच्या खेड्यातून ही बाई एसटीने नांदेडला आली होती, आणि ज्या म्हशीचा हा चीक, ती म्हैस आता तिची राहिली नव्हती. सुकन्यांच्या तपासणीने ‘गाभण नाही’ असं दोनदा सांगितलं, म्हणून तिने ती बाजारात विकली. घेणारा शेजारच्या गावचा निघाला. त्याच्या गोठ्यात म्हैस परवा व्याली.

“भला मानूस हाय. पहिला चीक मूळ मालकिणीकडं धाडला,” केवळाबाई म्हणाल्या. “म्हनलं, त्यातला थोडा म्याडमच्या वाट्याचा. तुमी बी लई खेपा घातल्या तिच्यासाठी.”

बाई भांडायला आली असती तर बरं झालं असतं, असं सुकन्यांना वाटलं.

सुकन्या मूळच्या निलंग्याच्या, किराणा दुकानदाराची लेक. स्टेरॉइड हार्मोनवर संशोधन करते म्हटलं की लोकांना व्यायामशाळेतली फुगलेली पोरं आठवत. आई पार्वतम्मा आजही म्हणत, “डाक्टर हायस खरी, पन डोकं दुखलं तर गोळी दुकानातूनच आणावी लागतीय.” बरोबरीचे लोक पुण्याला, हैदराबादला, परदेशात गेले. सुकन्या राहिल्या, कारण म्हशी इथे होत्या. सारा जन्म त्यांनी प्रोजेस्टेरॉन या एका हार्मोनच्या नादात घालवला. रेतनानंतर तीन आठवड्यांनी तपासलं, तर म्हैस गाभण असली की ते दुधात सापडतं. नसली की सापडत नाही. दुधाच्या चार थेंबांत ते ओळखणारी स्वस्त पट्टी त्यांनी तयार केली होती. पुढच्या आठवड्यात ती दूध संघाच्या हाती जायची होती, आणि त्यानंतर लवकरच सुकन्या निवृत्त व्हायच्या होत्या. “पट्टी ‘आहे’ म्हणताना चुकेल, ‘नाही’ म्हणताना चुकणार नाही,” असं त्या परिषदांमधून अभिमानाने सांगत.

त्यांनी किटलीचं झाकण उघडलं. पिवळ्याधमक चिकात कोळशाचा एक खडा होता.

“हे काय, मावशी?”

“नजर लागू नये म्हनून. दूध उंबऱ्याभाईर काढायचं तर खडा नको का? तुमच्याकडं टाकत न्हाईत?”

“टाकतात,” सुकन्या म्हणाल्या. “आम्हाला तपासायला जे दूध द्यायचात, त्यातही टाकत होता?”

“हाव की! सकाळी तांब्यात काढून ठेवायची, वर खडा. शिल्पाताई आल्या की खडा काढून ओतून द्यायची. तुमच्या बाटलीत काळं कशाला?”

पलीकडच्या टेबलावर त्यांची विद्यार्थिनी शिल्पा दुधात कोळशाची पूड ढवळत होती. तिचा हात तिथेच थांबला. कोळसा हार्मोन शोषून घेतो. तुलनेसाठी हार्मोन नसलेलं दूध लागतं, ते या खोलीत वर्षानुवर्षं असंच तयार होत आलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा.

सुकन्यांनी गाभण म्हशीचं दूध फ्रिजमधून काढलं, दोन भांड्यांत ओतलं आणि एकात केवळाबाईंनी पिशवीत जादा आणलेला कोळसा टाकला. बाईंनी तोवर व्हरांड्यात बसून भाकरी खाल्ली. दुपारी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. एक ‘गाभण’ म्हणाली, दुसरी ‘नाही’.

“मॅडम, पट्टी संघाला देऊन टाकू, दुधात कोळसा टाकू नका ही सूचना मागून पाठवू,” शिल्पा हळूच म्हणाली. “अशा किती जणी असतील?”

“माझी आई आहे त्यांतली,” सुकन्या म्हणाल्या. त्यांनी संघाला फोन लावला आणि पट्टी आत्ता देता येणार नाही, असं सरळ सांगून टाकलं. आपण नोकरीत असेपर्यंत ती पुन्हा तयार होईल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

केवळाबाई दारात उभ्या होत्या. “मंजी माझ्या खड्यानंच माझी म्हैस गेली?”

“नाही, मावशी. माझ्यामुळे गेली. दूध कसं ठेवता, हे मी कधी विचारलंच नाही. निलंग्याची असून विचारलं नाही.”

केवळाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “गेली ती गेली. पन बाजारात नेताना मी तिला बोलले. भाकड मेली, म्हनले. अन् ती पोटुशी हुती बगा.” त्यांनी डोळे पुसले. “तेवढंच जिवाला लागून राहिलंय.”

सुकन्यांनाही रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

“उद्या तिकडे येते,” त्या म्हणाल्या. “दोघी जाऊन बघून येऊ तिला. किटलीही आणते.”

“या. रिकामी आणू नका मातर.”

केवळाबाई एसटीला गेल्या. शिल्पाने किटलीतला खडा काढायला चिमटा उचलला.

“राहू दे,” सुकन्या म्हणाल्या. “घरी पोचेपर्यंत असू दे.”

त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि रिक्षात किटली आडवी होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली.