बोंग आजोबांचा आवाज

प्यो ओक-रान ही मोक्पो बंदराजवळच्या एका मोठ्या इस्पितळात सर्जरी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. वय पन्नाशीला टेकलेलं, आवाज खणखणीत आणि हात असा चपळ, की नव्या पोरीने ट्रेमधली सुई उचलेपर्यंत ओक-रानचं सलाईन लावून, वर पट्टी चिकटवूनही झालेलं असायचं. तिचा वॉर्ड झकास चालायचा. म्हणजे ती असेपर्यंत. मुलीच्या, सोदामच्या लग्नाला तिने रजा काढली, तेव्हा वॉर्डातून इतके फोन आले, की व्याह्यांना वाटलं, विहीणबाईंचं अजून कुठेतरी लग्न जुळवणं चाललंय.

मेट्रनबाई निवृत्त व्हायला आल्या, तेव्हा त्यांनी ओक-रानला केबिनमध्ये बोलावलं.

"माझ्या जागी तू यावंस असं सगळ्यांनाच वाटतं. पण त्याला पदव्युत्तर पदवी लागते. आणि दुसरं म्हणजे, तुझ्या हाताखालच्या मुली जुन्या झाल्या तरी प्रत्येक गोष्ट तुलाच विचारायला येतात. जरा शिकून ये."

"आता या वयात काय शिकू, मेट्रनबाई? सगळं येतं की मला."

"तीच तर पंचाईत आहे," मेट्रनबाई म्हणाल्या.

अशी ओक-रान विद्यापीठात दाखल झाली. विषय, नर्सिंगचं शिक्षण आणि प्रशासन. वर्गात सगळ्या तिच्यासारख्याच, वॉर्डात केस पिकवलेल्या. पुस्तकी भाग तिने रेटून नेला. दुसऱ्या सत्रात मात्र प्रत्यक्ष शिकवायची वेळ आली आणि तिची गाठ बोंग आजोबांशी पडली.

बोंग आजोबा म्हणजे प्रयोगशाळेतल्या खाटेवर पडलेला रबरी पुतळा. त्यांची छाती वरखाली व्हायची, नाडी लागायची आणि ते बोलायचे. बोलणारा माणूस शेजारच्या खोलीत काचेआड माइक घेऊन बसायचा. त्याचा आवाज यंत्रातून घोगरा होऊन आजोबांच्या तोंडून बाहेर पडायचा. काचेतून त्याला खाट दिसे, खाटेशी उभ्या असलेल्यांना तो दिसत नसे. नर्सिंगच्या पोरींनी आजोबांची शुश्रूषा करायची आणि आजोबा व्हायचं ओक-रानने.

पहिल्या दिवशी आजोबांना रक्त चढत होतं. ते रक्त त्यांना मानवणार नव्हतं. ते पोरींनी ओळखायचं आणि पहिल्यांदा रक्त बंद करायचं, एवढाच धडा. दोघी पोरी खाटेशी उभ्या राहिल्या. आजोबा म्हणाले, "मला थंडी वाजतेय गं." पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने थर्मामीटर शोधायला सुरुवात केली. काचेआड ओक-रानचा जीव कासावीस झाला.

"पोरी," आजोबा म्हणाले, "ती रक्ताची पिशवी बंद केलीस तर मला जरा बरं वाटेल, असं वाटतं."

पोरींनी पिशवी बंद केली.

"आता नवी नळी लावून साधं सलाईन सुरू कर. आणि डॉक्टरांना फोन लाव. अगं, पिशवीवरचा नंबर माझ्या मनगटावरच्या नंबराशी ताडून बघ की."

आजोबा खडखडीत बरे झाले. पोरी हसत बाहेर पडल्या. ओक-रानही खुशीत होती, पण प्राध्यापक गिल सो-यॉन आत आल्या त्या कपाळाला हात लावूनच. गिलबाई तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान.

"ओक-रानताई, हे बोंग आजोबा कांद्याची शेती करतात असं आपण पोरींना सांगितलंय ना?"

"हो."

"मग कांदे लावता लावता ते नर्सिंग कधी शिकले? आज त्यांनी स्वतःच स्वतःला बरं केलं. पोरी नुसत्या त्यांच्या हाताखाली होत्या."

"पण मॅडम, त्या चुकत होत्या."

"चुकू देत ना. वॉर्डात चुकून चालत नाही, म्हणून तर इथे चुकायचं. आजोबा मेले तर मेले. जेवणाच्या सुट्टीनंतर उठवू त्यांना परत."

ओक-रान कानकोंडी झाली. घरी जाताना बसमध्ये ती मनातल्या मनात गिलबाईंशी भांडली, पण उतरेपर्यंत भांडण हरली होती.

नवरा चुन-शिक सुक्या मासळीचं दुकान बंद करून आला होता आणि मुळा घालून बांगड्याचं कालवण करत होता. ओक-रानने ठरवलं, सुरुवात इथूनच. ती ओठ मिटून बसली. चुन-शिकने सोयासॉस ओतला, गप्पांच्या नादात पुन्हा ओतला. ती बसूनच राहिली.

"सोदामची आई, काय झालंय तुला?" शेवटी तो म्हणाला.

"काही नाही. सराव करतेय."

"कसला?"

"न बोलण्याचा."

"तो उद्या कर बाई. तू गप्प बसलीस की मला भीती वाटते."

कालवण खारट झालं होतं. दोघांनी भात वाढवून घेऊन खाल्लं.

पुढच्या खेपेला बो-राम नावाची मुलगी एकटीच होती, हाडकुळी, घाबरट. ओक-रानने खबरदारी म्हणून नवऱ्याच्या दुकानातल्या माकूळ नावाच्या सुक्या मासळीची चिवट पट्टी तोंडात धरली. आजोबा म्हणाले, "थंडी वाजतेय." बो-रामने पांघरूण घातलं. आजोबा म्हणाले, "कंबर दुखतेय." तिने उशी दिली आणि दुसरं पांघरूण आणलं. रक्त थेंब थेंब चालूच. ओक-रानने माकूळ इतकं चावलं, की दाढ ठणकली. यंत्रावरचे आकडे घसरत गेले, लांबलचक शिट्टी वाजली आणि दोन पांघरुणांखाली बोंग आजोबा वारले.

बो-रामला रडू फुटलं. ओक-रान काचेआडून बाहेर आली आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसली. एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर बसलंच होतं.

"काय दिसलं तुला?" तिने विचारलं.

"आजोबांना थंडी वाजत होती."

"आणि?"

"म्हणून मी पांघरूण घातलं." बो-राम नाक पुसत थांबली. ओक-रानही थांबली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. आयुष्यात एवढा वेळ ती कुणासमोर गप्प राहिली नव्हती.

"बाई," बो-राम सावकाश म्हणाली, "मी आत आले तेव्हा ते बरे होते. रक्त सुरू झाल्यावर थंडी भरली. म्हणजे थंडी बाहेरची नव्हतीच." मग एकदम उभी राहिली. "पुन्हा करू का?"

ओक-रानने काचेआड परतून आजोबांना उठवलं. या वेळी थंडीचा शब्द त्यांच्या तोंडातून निघतो न निघतो तोच तिने पिशवी बंद केली. डॉक्टरांना फोन झाला, नंबर ताडून झाला. मग तिने आजोबांचा रबरी हात हातात घेतला. "आजोबा, हे रक्त तुम्हाला मानवत नव्हतं, म्हणून थांबवलंय. डॉक्टर येताहेत. मी इथेच आहे."

वॉर्डात ओक-रान सगळं वेळेवर करायची. पण आपण काय करतोय हे रोग्याला सांगायला ती कधी थांबली होती, हे तिला आठवेना. नेमून दिलेल्या संवादांच्या कागदावर आजोबांना पुढे बोलायला काही लिहिलेलं नव्हतं.

"बरं, बाळ," घोगरा आवाज म्हणाला.

पदवी मिळाली तेव्हा मेट्रनबाईंची खुर्ची रिकामीच होती. ओक-रानने त्या जागेसाठी अर्ज केला नाही. नव्याने भरती होणाऱ्या मुलींना तयार करायचं काम तिने मागून घेतलं. निवृत्त झालेल्या मेट्रनबाई भेटल्या, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं.

"अगं, खुर्ची सोडून हे काय मागतेस?"

"खुर्चीत बसून बोलावं लागेल," ओक-रान म्हणाली. "आता कुठे मला गप्प बसायला जमायला लागलंय."

पहिल्या तुकडीतल्या मुली मात्र आपसात कुजबुजत होत्या, की या बाई आपल्यावर रागावल्यात बहुतेक, काही बोलतच नाहीत.