चंदाआजीच्या दह्याची मडकी

मी एक जुनी मडकी आहे मित्रांनो, आणि सध्या वणीजवळच्या एका कापसाच्या वावरात बुजगावण्याचं डोकं म्हणून नोकरीला आहे. तोंडावर चुन्याचे दोन डोळे काढलेत, एक मोठा, एक बारका. पाखरं मला मुळीच भीत नाहीत. एक होला तर दुपारभर माझ्या टाळक्यावर बसून घुमतो. हसू नका! मी काही जन्मापासून अशी नव्हते. मी दह्याची मडकी होते, आणि तीही चंदाआजीच्या दह्याची.

गावच्या कुंभाराच्या चाकावर मी घडले, आव्यात भाजले गेले. आजीनं मला उचललं, बोटानं टिचकी मारली, कानाशी धरलं आणि म्हणाली, "हे बोलते वो!" एवढ्यावर माझं नशीब उघडलं. घरी आल्यावर तिनं माझ्या पोटात कोमट दूध ओतलं आणि त्यात चमचाभर विरजण सोडलं. ते विरजण माझ्याहून कितीतरी म्हातारं होतं. आजी लग्न होऊन मुकुटबनहून आली, तेव्हा तिच्या आईनं ते लोटक्यात घालून, वर फडकं बांधून दिलं होतं. तेव्हापासून आजच्या दह्यानं उद्याचं दूध लावायचं, असं ते चालत आलं होतं. मडक्या फुटल्या, नव्या आल्या, विरजण तेच राहिलं.

दही लागेपर्यंत हलायचं नाही, हा आम्हा मडक्यांचा धर्म. थंडीत आजी मला जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवायची आणि दटावायची, "आता हालजो नको बाप्पा." त्या उबेत माझा डोळा लागायचा. अर्धवट झोपेत आजीचं गुणगुणणं कानावर यायचं, तिच्या बांगड्या वाजायच्या, आणि पोटातलं दूध हळूहळू घट्ट होत जायचं. ते सुख काय सांगू! मला आजीची फार आठवण येते.

विरजण मागायला सारी आळी यायची. आजी कुणाला नाही म्हणायची नाही. फक्त दिवेलागणीनंतर दही-विरजण घराबाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, असं आमच्याकडे मानतात. एकदा मात्र शेजारच्या बंजारा तांड्यावरची बसंतीबाई ऐन दिवेलागणीला दारात उभी राहिली. तिच्या घरी पहिल्यांदाच म्हैस आली होती, दूध रग्गड होतं, पण विरजण नव्हतं. विमलताई, म्हणजे आजीची सून, हळूच म्हणाली, "आई, दिवे लागले. नका देऊ."

"लक्ष्मी गेली त तांड्यावरच जाईन ना? जाऊ दे मंग!" आजी म्हणाली, आणि वाटीभर विरजण तिला दिलं. मला तर रागच आला होता. नियम म्हणजे नियम.

आजीचं खरं राज्य असायचं ते कापसाच्या पहिल्या वेचणीला. वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडे सीतादही करतात. वावरात खडे मांडून पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग तो कपाशीवर शिंपायचा. त्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही. आजी मला डोक्यावर घेऊन निघायची आणि नात निशिगंधा तिचा पदर धरून मागे. गेल्या वर्षी पूजा झाल्यावर गुडघे चोळत आजी म्हणाली, "निशी, माह्या मागं सीतादही तू करजो. पण दही घरचंच पायजे. पाकिटाचं नको."

"करीन आजी," निशी म्हणाली.

यंदा पोळा झाला आणि आजी झोपेतच गेली.

सुतक फिटताना घरातली मातीची भांडी बाहेर टाकतात. विमलताईच्या डोळ्यांना धार लागलेली आणि हातांना घाई. पाण्याचा माठ गेला, गाडगी गेली, आणि मलाही तिनं उकिरड्यावर नेऊन उपडं केलं, विरजणासकट. चमचाभर स्टीलच्या वाटीत काढून ठेवावं, हे त्या दुःखात कुणालाच सुचलं नाही. मी जीव तोडून ओरडले. पण मडकीचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी निशीनं दूध तापवलं आणि मला शोधायला लागली. "आई, आजीची मडकी कुठी हाये?"

विमलताई मटकन खालीच बसली. "अवं माय! फेकली वो मी. इरजण काढाचं काहून सुचलं नाही मले?"

निशी धावत आली. माझ्या पोटात बोट फिरवून पाहिलं. उन्हानं सारं वाळून गेलं होतं. आळीत कुणाकडे मागावं, तर तिथं आता सारे पाकिटाचंच दही आणतात. तिनं मला छातीशी धरलं, तेव्हा तिचे वडील बापूजी हळू आवाजात म्हणाले, "घरात नको आणू बाई. वावरात राहू दे तिले." अशी मी बुजगावण्याचं डोकं झाले.

इथं पहाटे धुई पडते. वर धुकं पांढरं, खाली फुटलेली बोंडं पांढरी, आणि मला वाटतं, मी पुन्हा काठोकाठ दुधानं भरले. मग कपाशीच्या ओळीतून आजी येते, अनवाणी, ओचा खोचलेली. "हालजो नको," म्हणते. मी हलत नाही. ऊन चढलं की रस्त्यावरून कोळशाचे ट्रक धडधडत जातात, बांधाकडच्या कापसावर काळी भुकटी बसते आणि आजी दिसेनाशी होते.

परवा सीतादही होतं. वेचणाऱ्या बाया कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधून आल्या, त्यांत बसंतीबाईही होती. निशीनं खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं. मग पिशवीतून दह्याचं पाकीट काढलं आणि ते हातात धरून नुसतीच बसून राहिली. पाकीट फोडायला तिचा हात होईना. "आजीले शब्द देल्ला होता मी," एवढं म्हणून ती हमसून हमसून रडायला लागली.

"कायले रडून राह्यली बेटा?" बसंतीबाईनं विचारलं. विमलताईनं सारं सांगितलं. बसंतीबाई झाडाखाली गेली, आपल्या भाकरीच्या फडक्यातून एक डबा घेऊन आली आणि झाकण उघडलं.

"हे दही कोनाचं हाये, सांग. तुह्या आजीचंच ना! दिवे लागल्यावर देल्लं होतं माय माउलीनं. आता साऱ्या तांड्यात हेच लावतात."

वास आला आणि मी ओळखलं. मित्रांनो, ते माझंच होतं! विमलताईनं बसंतीबाईचे दोन्ही हात धरले आणि आजी गेल्यापासून पहिल्यांदा मोकळं रडली. निशीनं दहीभात कालवला, नैवेद्य दाखवला, ओळीओळीतून शिंपत गेली. शेवटी माझ्यापाशी आली, टाचा उंचावल्या आणि माझ्या कपाळावर दह्याचं बोट टेकवलं.

संध्याकाळी गावात दिवे लागले, तेव्हा निशी वाटी घेऊन बांधावरून तांड्याकडे जाताना दिसली. परतली ती वाटीवर तळहात धरून, अगदी सावकाश, दही हलू नये म्हणून.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस गेलं तर मडकी खुशाल बाहेर काढा, पण आधी तिच्या पोटात डोकावून बघा. आणि माणूस असेपर्यंत त्याच्या हातचं चमचाभर शेजारी देत जा. दिवे लागले असले तरी द्या.