पाच-नऊ, सर

हवेत माणूस खोटं बोलू शकत नाही, असं कल्याणरावांचं ठाम मत होतं. जमिनीवर भिंती असतात, कोपरे असतात, कानात सांगायची सोय असते. हवा मात्र उघडी असते, सगळ्यांच्या मालकीची असते, म्हणून रेडिओवर बोलणारा आपोआप सत्यवचनी होतो. हे मत त्यांनी पहिल्यांदा मांडलं ते बदनापुरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर, अँटेनाचा खांब हातात धरून. त्या दिवशी ऑफिसात त्यांचा पोटदुखीचा अर्ज गेलेला होता.

कल्याणराव एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते आणि संध्याकाळी हॅम होते. म्हणजे रीतसर परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरी सेट बसवायचा आणि दुसऱ्या परवानेवाल्यांशी हवेतून बोलायचं. काय बोलता, असं लोक विचारत. मुख्यतः सेटबद्दल बोलायचं.

रोज संध्याकाळी जिल्ह्यातल्या परवानेवाल्यांची हवेत बैठक भरे आणि ती कल्याणराव चालवत. आधी स्वागत, मग हवामान, मग शिस्तीवर दोन शब्द, मग हजेरी. हजेरीत ते प्रत्येकाला विचारत, माझा आवाज कसा येतो. त्याचं उत्तर दोन आकड्यांत द्यायचं असतं. पहिला आकडा आवाज किती समजतो याचा, पाचपैकी. दुसरा तो किती जोरात येतो याचा, नऊपैकी. पैकीच्या पैकी म्हणजे पाच-नऊ. कल्याणरावांना कायम पाच-नऊ मिळे. गोपनीय अहवालात इतके मार्क त्यांना साहेबांनी कधी दिले नव्हते.

यंदा मे महिन्यात त्यांनी नवा सेट घेतला. दोन वर्षं विचार चालला होता. हातात धरायचा छोटा सेट त्यांनी आधीच बाद केला, तो चौकीदाराचा वाटतो म्हणून. जुना सेट दुरुस्त करून वापरायचा, तर त्याला स्क्रीन नव्हता. शहागडला हायवेवर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणारा कलीम हा त्यांचा सगळ्यात जुना हॅम दोस्त. त्याने फोनवर सल्ला दिला होता, भाऊ, सेट कोणताबी घ्या, पयले अँटेना आन् केबल बराबर करा, सेटमधी कायी न्हाई. कल्याणरावांनी हा सल्ला ऐकून घेतला आणि मनात नोंदवून ठेवला, की आपला सेट आपल्यापेक्षा भारी होऊ नये असं कलीमभाईला वाटतंय. मग त्यांनी सगळ्यात मोठ्या स्क्रीनचा सेट मागवला.

जून लागला आणि जिल्हा प्रशासनाने पूरसराव ठरवला. गोदावरीला पूर आला, मोबाईल बंद पडले, असं समजायचं आणि शहागडच्या पुलावरून पाण्याची पातळी रेडिओने कळवायची. त्यासाठी हॅम मंडळींपैकी एकाचं घर नियंत्रण केंद्र होणार होतं. तिथे एक अधिकारी येऊन बसणार, तिथूनच सगळ्यांना हुकूम सुटणार. ते घर कुणाचं, हे हॅम मंडळींनी आपसात ठरवून शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. कल्याणरावांच्या मते यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. अधिकाऱ्यासाठी त्यांनी खुर्चीसुद्धा पुसून घेतली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सहीची वाट बघितलेल्या माणसाला एक दिवस का होईना, जिल्हा आपल्या आवाजावर हलताना बघायचा होता.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, सोमवारच्या हजेरीत, दैवशालाबाई पहिल्यांदाच बोलल्या.

दैवशालाबाई अंबडजवळ अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत आणि बँकेत नोकरी करत. परवाना मिळून त्यांना जेमतेम महिना झाला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचा रिपोर्ट दोन-एक. कुणीतरी बोलून राह्यलंय एवढं कळतंय. शब्द न्हाई कळत."

मग जालन्याचे राधेश्याम, ज्यांचा बियाण्यांचा व्यापार होता आणि जे कुणालाच नाराज करत नसत, घाईघाईने मध्ये पडले. इकडे पाच-नऊ, सर, एकदम घंटी वाजल्यासारखा. पाठोपाठ कलीमनेही पाच-नऊ दिले. पण देण्याआधी तो थोडा थांबला होता. ते थांबणं कल्याणरावांनी बरोबर पकडलं.

रात्री जेवताना त्यांनी हिशोब मांडला. दोघांना ऐकू येतं, एकीला येत नाही. म्हणजे दोष त्या एकीत आहे. पण महिन्याभराच्या परवान्यावर बाई एवढं धाडस स्वतःहून करणार नाहीत. त्यांच्या मागे कुणीतरी आहे. नियंत्रण केंद्र बदनापुरातून हललं तर कुठे जाईल? जिथे नदी आहे तिथे. नदी कुठे आहे? शहागडला. शहागडला कोण आहे? एवढं बोलून ते बायकोकडे, शालूताईंकडे, बघत राहिले. शालूताई म्हणाल्या, कलीमभाई आहेत, आन् भाजी वाढू का?

तरी माणूस शास्त्रीय वृत्तीचा होता, म्हणून मंगळवारी त्यांनी आपल्या बाजूची तपासणी सुरू केली. माइक बदलून बघितला. बॅटरी बदलून बघितली. सेट टेबलाच्या डाव्या बाजूला होता तो उजव्या बाजूला ठेवून बघितला. नव्या सेटच्या स्क्रीनवर एक मीटर होतं. सेटने पाठवलेली ताकद अँटेनातून बाहेर पडते की माघारी येते, ते त्यावर दिसे. ते पहिल्या आठवड्यापासून लाल पट्ट्याला चिकटलेलं होतं, म्हणजे सगळीच ताकद माघारी येत होती. कल्याणरावांनी यावर विचार केला. पाठवलेलं सगळं माघारी येत असेल, तर लोक पाच-नऊ कसे देतील? दोन सभ्य गृहस्थ एका बाजूला आणि एक मीटर दुसऱ्या बाजूला. निष्कर्ष उघड होता. दुकानदाराने खराब मीटरचा सेट गळ्यात मारला होता. लाल पट्टा सारखा डोळ्यात येतो म्हणून त्यांनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर चिकटवला. लोकांचे आवाज त्यांना स्वतःलाही महिनाभर खोल विहिरीतून आल्यासारखे येत होते. पण त्यांचे सेट जुने होते.

बुधवारी संशय शेजारी वळला. शेजारच्या कारभारी पाटलांनी दारावर नवे कॅमेरे बसवले होते आणि कॅमेऱ्यांमुळे हवेत खरखर होते, असं कल्याणरावांनी वाचलं होतं. त्यांनी जाऊन विनंती केली, की बैठकीपुरते कॅमेरे बंद ठेवाल का. पाटलांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "सर, रोज दिवेलागणीला तुम्ही एकटेच खोलीत बोलत बसता. पलीकडून कुणी बोलल्याचं आमाला तर कधी ऐकू आलं न्हाई. आता म्हणता कॅमेरे बंद ठेवा. मंग आमी काय समजावं?"

कल्याणराव घरी आले. अर्ध्या तासाने पाटलांचा एक कॅमेरा वळून त्यांच्या दाराकडे बघू लागला होता.

त्याच संध्याकाळी कलीमचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने सहज विचारलं, भाऊ, एकबार गच्चीवर चढून अँटेना बघितली का? कल्याणरावांचे कान उभे राहिले. गच्चीवर जायला लोखंडी शिडी होती आणि दोन वर्षांपासून त्यांचा गुडघा शिडी म्हटलं की वळत नसे. कलीमला हे माहीत होतं. माहीत असून चढायला सांगतो, याचा अर्थ काय? शिवाय ती अँटेना त्यांनी पोटदुखीच्या रजेवर स्वतःच्या हाताने उभी केली होती. खांबाच्या टोकावरून दोन तारा तंबूसारख्या खाली उतरत होत्या, कोन मोजून. सेट चुकेल, मीटर चुकेल, बाई तर चुकतीलच, पण तो कोन चुकणार नाही. ते थंडपणे म्हणाले, अँटेना उत्तम आहे. कलीम म्हणाला, मंग मीच येऊन बघतो.

गुरुवारी दुपारी तो मोटारसायकलवर आला. सोबत पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि अकबरबीने, म्हणजे त्याच्या बायकोने, दिलेला शीरखुर्म्याचा डबा होता. कल्याणरावांनी डब्याकडेही जरा संशयानेच बघितलं. एवढं गोड कशासाठी? शालूताईंनी मात्र तो लगेच आत नेला.

कलीमने सेट बघितला, स्क्रीनवरचा पुठ्ठा बघितला आणि पुठ्ठा उचलून त्याच्या खाली बघितलं. मग पक्कड खिशात घालून शिडी चढला. कल्याणराव खाली अंगणात उभे राहिले. वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. वर जाऊन हा माणूस काही सैल करून ठेवणार नाही कशावरून, हा विचार त्यांना शोभणारा नव्हता. तरी तो आला आणि उभा राहिला.

थोड्या वेळाने कलीमचं डोकं कठड्यावर दिसलं.

"भाभी," तो शालूताईंना उद्देशून म्हणाला, "ही लोणच्याची बरणी कुणी ठेवली इथं?"

शालूताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मीच. यांनीच सांगितलं होतं. वीज कडाडायला लागली की खांबापाशी वायरचा जोड आहे तो खोलायचा आन् वायरचं टोक कोरड्या बरणीत घालून ठेवायचं, म्हणजे वीज घरात येत न्हाई. मे महिन्यात वळीव आल्ता, हे ऑफिसात होते. मी खोलली आन् फोन करून सांगितलं. हे म्हणले, शाब्बास."

"मंग परत जोडली न्हाई?"

"परत जोडायचं कुणी सांगितलं मला?" शालूताईंनी नवऱ्याकडे बघितलं. "रोज कुरडया वाळू घालायला जाते वर. बरणीला धक्का लागू देत न्हाई. झाकणावर फडकं बी बांधलंय."

कल्याणराव गुडघा विसरून शिडी चढले. टाकीच्या सावलीत बरणी होती. तिच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधलेलं होतं आणि त्यातून खोलीतली केबल आत गेलेली होती, सलाईनसारखी. हाताच्या अंतरावर खांबाचा जोड उघडा लोंबत होता. अँटेनाचा कोन मात्र अगदी बरोबर होता.

मग त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. "शक्य नाही," ते म्हणाले. "महिनाभर पाच-नऊ आहेत."

कलीम हसला नाही, हे त्याचे उपकार. तो म्हणाला, "भाऊ, आज बैठकीपर्यंत असंच राहू द्या. जोडू नका. एकबार विचारून बघा."

संध्याकाळी कल्याणराव सेटसमोर बसले. केबल वर बरणीत होती. शेजारी कलीम शीरखुर्म्याची वाटी घेऊन बसला होता. कल्याणरावांनी बटण दाबलं, स्वागत केलं नाही, हवामान सांगितलं नाही. नुसता एकदा घसा खाकरला आणि बटण सोडलं.

विहिरीतून राधेश्यामांचा आवाज आला. "नमस्कार सर, पाच-नऊ. एकदम स्वच्छ. शिस्तीबद्दल तुम्ही म्हणलात ते बिलकुल पटलं."

कल्याणरावांनी माइक खाली ठेवला आणि कलीमकडे वळले.

"तुला काय ऐकू यायचं रे?"

"खरं सांगू? फुस्स-फुस्स." कलीमने वाटी खाली ठेवली. "तुम्ही रोज तेच बोलता. पयले स्वागत, मंग हवामान. अंदाजाने टाइम मोजायचा आन् म्हणायचं पाच-नऊ. तुम्ही मोठे. तुमाला दोन-एक कोण देणार?"

"त्या बाईंनी दिला."

"त्या नव्या हायेत. त्यांना अजून रीत म्हाईत न्हाई."

सोमवारी हजेरीत तो का थांबला होता, ते आता कल्याणरावांच्या ध्यानात आलं. तो खरं बोलायच्या अगदी जवळ आला होता. एवढ्यावरून त्यांनी त्याला शहागडचा कटवाला ठरवलं होतं. हे त्याला सांगावं असं त्यांना वाटलं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, डब्यासकट. त्यांनी शीरखुर्मा चांगला झालाय एवढं सांगितलं.

कलीमने वर जाऊन केबल जोडली. पुठ्ठा काढलेल्या स्क्रीनवर मीटर लाल पट्ट्यावरून उतरून जागेवर येऊन बसलं. खोली एकदम आवाजांनी भरली. राधेश्याम कानात बोलल्यासारखे आले आणि तेव्हा कळलं की त्यांच्या घरात मागे कुकरच्या शिट्ट्या होतात. कल्याणरावांनी दैवशालाबाईंना हाक मारून रिपोर्ट विचारला. त्या म्हणाल्या, पाच-सात. कल्याणरावांना वरच्या दोन मार्कांचं वाईट वाटलं. विचारण्यासाठी बटणावर बोट गेलं, पण त्यांनी ते मागे घेतलं.

त्याऐवजी त्यांनी जाहीर केलं, की नियंत्रण केंद्र अंकुशनगरला राहील, दैवशालाबाईंच्या घरी. कारण विचारायची कुणाची हिंमत झाली नाही, म्हणून त्यांनीच सांगितलं. पुराच्या वेळी जे ऐकू येईल तेच बोलणारा माणूस तिथे पाहिजे. बोलताना त्यांचा आवाज जरा बसला. तोही या वेळी सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेला. शेवटी शिस्तीवर दोन शब्द बोलताना त्यांनी सांगितलं, की उद्यापासून मान म्हणून कुणी पाच-नऊ देऊ नये. सगळ्यांनी ते मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाच-आठ देऊ लागले.

सरावाच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. अधिकारी अंकुशनगरला जाऊन बसले. पुसलेली खुर्ची बदनापुरात रिकामी राहिली, तिच्यावर शालूताईंनी कुरडयांचा डबा ठेवला. पलीकडचे आवाज भिंतीतून ऐकू येऊ लागल्यावर कारभारी पाटलांनी कॅमेरा परत आपल्या दाराकडे वळवला होता. कल्याणराव सेटला कान लावून बसले. एकन् एक शब्द स्पष्ट येत होता. दैवशालाबाईंनी शहागडच्या पुलावर उभ्या असलेल्या कलीमला हाक मारली आणि गोदावरीच्या पाण्याची पातळी विचारली.

कलीमने कळवलं, की पात्र कोरडं आहे.