यूफेनबाईंच्या गुडघ्याची परीक्षा

गणिताची मास्तरीण पोटी जन्माला आली की आईच्या गुडघ्यालाही परीक्षा चुकत नाही. चीनमधल्या चेंगदू शहरातल्या यूफेनबाईंचं तेच झालं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी उजवा गुडघा बदलून घेतला आणि लेकीने, मिनलानने, त्यांना आपल्या बाविसाव्या मजल्यावरच्या घरी नेऊन ठेवलं. तिथे लिफ्ट होती, मऊ गाद्या होत्या, पण बोलायला चिटपाखरू नव्हतं. यूफेनबाईंचा जीव कापडगिरणीच्या जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरात अडकलेला. तिथे लिफ्ट नाही, पण जिन्यात तीन हाका मारल्या की माजाँगच्या सोंगट्यांचा डाव बसतो.

सहा महिने कटकट ऐकून मिनलानने अट घातली. "इस्पितळात चालण्याफिरण्याची प्रश्नावली भरून घेतायत. शंभरात साठ पडले तर घरी जा. नाही पडले तर ते घर भाड्याने द्यायचं."

यूफेनबाई दोन बस बदलून एकट्याच इस्पितळात गेल्या. तोंग नावाची तरणी नर्स कागद घेऊन बसली होती. प्रश्न परदेशातून आलेले, नुकतेच चिनीत उतरवलेले. ते इथल्या म्हाताऱ्यांना लागू पडतात का, हे तिला बघायचं होतं.

"आजी, अंघोळीच्या टबात उतरताना किती त्रास होतो?"

"टबात आम्ही मासे ठेवतो. मी कशाला उतरू?"

"मग 'करत नाही' लिहू?"

"लिही."

"मोटार चालवताना?"

"कोणाच्या बापाची?"

"अंगणातलं गवत कापताना?"

"चौथ्या मजल्यावर?"

गोल्फचा प्रश्न आला तेव्हा यूफेनबाईंनी तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की पोरीने न विचारताच खूण केली.

'करत नाही'ला शून्य गुण, त्यामुळे बेरीज आली एकोणतीस. शाळा सुटल्यावर मिनलान तिथे पोचली, कागद बघितला आणि जुन्या घराचं भाडं किती येईल ते मोजायला लागली.

"अगं, दुसऱ्या बसमध्ये मी उभी होते," यूफेनबाई म्हणाल्या.

"कागदावर तसं दिसत नाही, आई."

यूफेनबाई नर्सकडे वळल्या. "पोरी, हे प्रश्न ज्या म्हातारीचे आहेत तिला बोलावून विचार. उत्तरं मी माझी देईन, पण आयुष्य तिचं कुठून आणू?"

तोंगने सुटकेचा निःश्वास टाकला. "आजी, आत्तापर्यंत वीस जणी नापास झाल्यात. त्यातली एक तर कागद भरून थेट मैदानावर नाचायला गेली. तुम्हीच सांगा, काय विचारू?"

असं कोणी विचारायची यूफेनबाई जन्मभर वाट बघत होत्या. तिसरीत शाळा सुटली होती, तोंड मात्र बंद झालं नव्हतं. "भाजीची पिशवी घेऊन चार मजले चढता येतं का, विचार. मागून ढकलाढकली चालू असताना बसमध्ये पाय टाकता येतो का. बांबूच्या ठेंगण्या खुर्चीवर तीन तास डाव खेळून टेबल न धरता उठता येतं का. संध्याकाळच्या नाचात गिरकी घेता येते का. आणि संडासात उकिडवं बसता येतं का, ते आधी विचार."

तोंगने सगळं लिहून घेतलं. मिनलाननेही फेरपरीक्षा कबूल केली. मास्तरीणच होती, नाही कसं म्हणेल?

पंधरा दिवसांनी नवा कागद आला. बाकावर गुडघे बदललेल्या सात म्हाताऱ्या, आणि एक उत्तर देण्याआधी सहा जणींचा सल्ला. उकिडवं बसण्याचा प्रश्न आला तशा सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "जमतं."

"काय जमतं?" यूफेनबाई शेजारणीवर कडाडल्या. "फेंगच्यू, या गुडघ्याने उकिडवी बसलीस तर उठवायला बंबवाले बोलवावे लागतील. पोरीच्या कागदावर खोटं कशाला लिहिता? मग पुढच्या म्हातारीची अडचण कोणाला कळणार?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि उत्तर बदललं. यूफेनबाईंनीही आपल्या कागदावर 'अजिबात जमत नाही' लिहायला सांगितलं. बेरीज आली एक्क्याऐंशी.

पण मास्तरणीची नजर बेरजेवर थोडीच असते? तिला आधी शून्य दिसतं. "उकिडवं बसणं, शून्य," मिनलान म्हणाली. "आई, तुझ्या घरी तर तसलाच संडास आहे. हा प्रश्न घातला कोणी?"

"आजींनीच," तोंग कौतुकाने म्हणाली. "सगळ्यात चांगला प्रश्न आहे."

खूण चुकून झाली, असं यूफेनबाई म्हणाल्या असत्या तर सुटल्या असत्या. पण शेजारी बाकावर त्या सहा जणी बसल्या होत्या, ज्यांचे कान आत्ताच उपटून झाले होते. त्या आता कान टवकारून ऐकत होत्या.

"प्रश्न बरोबर आहे," यूफेनबाई सावकाश म्हणाल्या. "उत्तरही बरोबर आहे. चुकलाय तो संडास. तो बदल."

मिनलानने कागद दोनदा वाचला. एक पायरी चुकली म्हणून आख्खं गणित खोडणारी मास्तरीण ती नव्हती. त्याच आठवड्यात दोन माणसं शिव्या घालत कमोडचं बसायचं भांडं चार मजले वर घेऊन गेली, आणि त्यांच्या मागून, दर वळणावर थांबत, यूफेनबाई.

आख्ख्या इमारतीत तसलं भांडं ते एकच. बातमी जिन्याने खालीवर पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरची म्हातारी दारात उभी, "ताई, जरा बसून जाऊ का?" तिच्या मागे खालच्या दोघी. यूफेनबाईंनी दारातच नियम सांगितला: आधी एक डाव, मग आत. आता माजाँगला माणसं कमी पडत नाहीत. खेळात मात्र एकीचंही लक्ष नसतं.